बाळाबाईंचं हक्कसोडपत्र

“आजी, अजून एकदा ठेवा. जरा दाबून.”

बाळाबाईंनी अंगठा पुन्हा काचेवर ठेवला, आणि यंत्रानं पुन्हा लाल दिवा दाखवला. वाशीच्या बाजारात लसूण निवडण्यात उभा जन्म गेलेला तो अंगठा. त्याच्या रेषा लसणाच्या सालीबरोबर कधीच उडून गेल्या होत्या. कारकुनानं सुस्कारा सोडला. तेवढ्यात सून पायल पुढे झाली, पर्समधून क्रीमची ट्यूब काढून सासूचा अंगठा चोळायला लागली. लग्न होऊन आल्यापासून तिनं सासूचा हात एवढ्या मायेनं हातात घेतलेला मी तरी पाहिला नव्हता. फ्लॅटचा तिसरा हिस्सा मिळणार म्हटल्यावर एवढी माया लागायचीच.

मी त्या दस्तनोंदणी कचेरीत होतो तो ओळख पटवायला. दस्त करून देणाऱ्या माणसाला आपण ओळखतो, असं सही करून सांगणारे दोघं लागतात. एक दस्त लिहून देणाऱ्या वकिलीणबाईंचा माणूस आणि दुसरा मी, श्यामसुंदर, जुईनगरच्या आमच्या सोसायटीचा खजिनदार. बदल्यात बाळाबाईंच्या मुलानं, इंद्रजितनं, दुपारची थाळी कबूल केली होती. आता बाळाबाईंना मी ओळखतो म्हणजे काय, तर आमची दारं समोरासमोर आहेत. मेन्टेनन्स त्या आणून देतात आणि पावती नवऱ्याच्या नावाची नेतात, तो जाऊन दोन पावसाळे झाले तरी. शिवाय एक गोष्ट जास्तीची माहीत होती. घराची किल्ली बटव्यात असूनही बाई बेल वाजवतात. “आई, तुम्ही एकदम आत येता, दचकायला होतं,” असं पायल एकदा दारात म्हणाली होती. तेव्हापासून.

नवरा सयाजी माथाडी होता. साताऱ्याकडून आला, पोती वाहिली, फ्लॅट घेतला आणि मृत्युपत्र न करता गेला. मी एकदा सुचवलं होतं, तर म्हणाला, “घरच्या मानसांत कागद कशापायी?” सोसायटीत नॉमिनी म्हणून मात्र त्यानं मुलाचं नाव घातलं. नॉमिनी म्हणजे मालक, हा आमच्या बिल्डिंगमधला सर्वांत लाडका गैरसमज. नॉमिनी हा राखणदार. मालकी वारसांची, आणि सयाजीचे वारस तीन, सारख्या हिश्श्याचे: बायको, मुलगा आणि मुलगी राजनंदिनी. इंद्रजितला हे कळलं ते फ्लॅट विकायला काढल्यावर. तळोज्याला मोठं घर घ्यायचं होतं. तिघांना मिळून विकता आलं असतं, पण मग पैशाचेही तीन भाग झाले असते. म्हणून आई आणि बहिणीनं त्याच्या नावे हक्कसोडपत्र लिहून द्यायचं ठरलं. कुणी ठरवलं हे विचारायचं नसतं. घरात असं ‘ठरतं’.

राजनंदिनी घणसोलीहून आली होती. बाकावर तिच्या शेजारी दुकानाची एक चकचकीत पिशवी होती, आणि पिशवीत साडी. बहिणीनं हक्क सोडायचा आणि भावानं साडी नेसवायची, हा व्यवहार आमच्याकडे इतका जुना आहे की त्याला कुणी व्यवहार म्हणत नाही.

शेवटी अंगठा उमटला. पायलनं हात सोडला. सही करायला बाळाबाईंना साहेबांच्या टेबलासमोर बसवलं. साहेबांनी मान वर न करता, दिवसभर सगळ्यांना विचारतात तोच प्रश्न विचारला.

“हा हक्क राजीखुशीनं सोडताय ना?” आणि उत्तर यायच्या आधीच कागद उलटला.

“न्हाई,” बाळाबाई म्हणाल्या.

साहेबांनी मान वर केली. “काय?”

“राजी न्हाई. खुशीबी न्हाई.”

“आई!” इंद्रजित टेबलावर वाकला. “सर, तिला ऐकायला कमी येतं. फक्त फॉर्मॅलिटी आहे गं, हो म्हण.”

“तुम्ही मागे व्हा,” साहेब त्याला म्हणाले. मग बाईंना, “आजी, मग इथपर्यंत आलात कशाला?”

“आनलं म्हनून आले. तुमी इचारलं म्हनून सांगितलं. घरात कुनी इचारलंच न्हवतं.”

साहेबांनी कागद बंद करून वकिलीणबाईंकडे सरकवले. “हा दस्त होणार नाही. पुढचे कोण आहेत?”

बाहेर व्हरांड्यात इंद्रजितचा आवाज चढला. “लोकांसमोर मला चोर ठरवलंस तू!”

“चोर कशाला? वारस हायस. मीबी हाय. हीबी हाय.”

“मला मध्ये घेऊ नकोस,” राजनंदिनी रडवेली झाली. “मला काही नको, आई. उद्या यानं तोंड फिरवलं तर मी जाऊ कुठं? मला माहेर राहू दे.”

“माहेर!” बाळाबाई बाकावर बसल्या. “म्याबी भावाला असंच दिलं, नंदे. पाटनच्या कचेरीत सही केली आन जरीची साडी घेऊन आले. चार सनाला नेसली. मग फाटली तवा जोडून तिला दंड घातलं. मग बाजारात लसनाची पाटी पुसायला नेली. पर माहेर त्या साडीच्याबी आधी फाटलं बघ.”

राजनंदिनी पिशवीकडे पाहत राहिली. तिथे पायलला राहवेना. “पण आई, आम्ही काय तुम्हाला घराबाहेर काढणार होतो का? तळोज्याला तुम्हाला वेगळी खोली ठेवलीये.”

“न्हाई गं, काढनार न्हाईच तुमी. मग काढता येनार न्हाई असंच ऱ्हाऊ दे की! तुमालाबी टेन्शन न्हाई.”

एवढ्या गंभीर प्रसंगी हसू नये, पण वकिलीणबाईंचा माणूस हसला. मीही छताच्या पंख्याकडे बघू लागलो.

“म्हणजे घर विकायचंच नाही?” इंद्रजित म्हणाला.

“इक की. तळोजा तर तळोजा. नव्या घराच्या कागदावर तुझ्या जोडीला माझं नाव घाल, आन बहिनीचा वाटा तिच्या हातात दे. मग ती तुला माघारी देईल न्हाईतर उधळंल, तिचं ती बघंल.”

“असं नाही जमणार.”

“मग ऱ्हाऊ दे. हाय ते बरं हाय.”

त्या उठल्या, बाकावरची पिशवी उचलली आणि इंद्रजितच्या हातात दिली. “ही दिवाळीला दे. तवा घेईल ती.”

इंद्रजितनं गाडीची चावी काढली. “चला आता,” म्हणाला, कुणाकडेच न बघता. पायल गेली. राजनंदिनी आईपाशी घुटमळली, मग भावामागून गेली. बाळाबाई जागच्या हलल्या नाहीत.

“तुमी जावा म्होरं. मी बसनं येते.”

थाळी बुडाली हे मी ओळखलं आणि बाईंबरोबर बस स्टॉपवर गेलो. बसमध्ये त्यांनी माझंही तिकीट काढलं. मी नको नको म्हणत होतो, पण कंडक्टरनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“भाऊ, माज्यापायी तुमचं जेवान ऱ्हायलं. भाकरी टाकते, चला.”

“आज नको, बाळाबाई. घरात आज...” पुढचं मी गिळलं.

“आजच,” त्या म्हणाल्या. मांडीवर बटवा होता आणि त्यावर दोन्ही हात घट्ट धरलेले. रोजचाच स्टॉप, तरी “आलं का?” असं त्यांनी मला दोनदा विचारलं. म्हणजे बाई घाबरल्या होत्या. सकाळपासून घाबरलेल्याच असणार, आणि ‘न्हाई’ त्या तशा घाबरलेल्या असतानाच म्हणाल्या होत्या. एवढी वर्षं समोरासमोर राहून ही ओळख मला त्या दिवशी झाली.

इंद्रजितची गाडी बिल्डिंगखाली लागलेली होती. आम्ही जिना चढलो. दार बंद. आतून बोलण्याचे आवाज येत होते. सवयीनं त्यांचा हात बेलकडे गेला आणि बटणाच्या अलीकडेच थांबला. मग त्यांनी बटवा उघडला. सुपारी, बसची तिकिटं, खाली किल्ली. वापराअभावी किल्ली गंजली होती, कुलपात फिरेना. मी पुढे झालो तर त्यांनी मला कोपरानंच मागे सारलं आणि मघाशी यंत्रानं नाकारलेला तो अंगठा किल्लीवर दाबून जोर दिला.

आतले आवाज थांबले. “कोण आहे?” पायलनं विचारलं.

“मी हाय,” बाळाबाई म्हणाल्या. दार उघडून त्या आधी बाजूला झाल्या. “या भाऊ, आत या.”