मस्टरवरचं वय

“शांतम्मा, माझा चष्मा कुठं हाय गं?” गुरुपादप्पांनी आतल्या दाराकडं तोंड करून विचारलं. समोर खुर्चीच्या कडेवर टेकलेल्या नागुबाईच्या मनात आलं, तो चष्मा आज सापडलाच नाही तर किती बरं होईल.

पण दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरात वस्तू जागच्या हलत नाहीत. शांतम्मांनी फळीवरून चष्मा काढला, पदरानं पुसला आणि नवऱ्याच्या हातात दिला. गुरुपादप्पांनी सत्तरी ओलांडली होती. कपाळावर भस्माचे तीन ठळक पट्टे आणि बोटांना कारकुनी वळण अजून तसंच. कागद डोळ्यांजवळ धरून ते ओठांतल्या ओठांत वाचू लागले.

कागद लातूरच्या वकिलानं लिहिलेला होता. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत पाणी पाजणारी नागुबाई याच जूनच्या अखेरीला निवृत्त होणार होती, कारण कचेरीच्या हिशेबानं तिची साठ वर्षं भरत होती. खरं वय होतं छप्पन्न. तिच्या मुलानं, सुमेधनं, गावच्या शाळेत चार हेलपाटे घालून दाखला काढला होता आणि त्यावर जन्मसाल स्वच्छ लिहिलेलं होतं, एकोणीसशे अठ्ठावन्न. चार वर्षांची नोकरी आणि चार वर्षांचा पगार असा डोळ्यांदेखत जाणार म्हटल्यावर पोराचा जीव तुटणारच. त्यांच्या घराच्या भिंती उभ्या होत्या, पण वर स्लॅब नव्हता. कोपऱ्यांतल्या सळया सहा वर्षांपासून आभाळाकडं बघत गंजत होत्या आणि पत्र्याखाली सुमेधची दोन लेकरं भाजून निघत होती.

वकील म्हणाला होता, “वय बदलून घ्यायची मुदत केव्हाच टळली. पण ज्यानं चुकीचं लिहिलं तो माणूस जिवंत असेल आणि तसं लिहून देत असेल, तर झगडून बघता येईल.”

तो माणूस जिवंत होता. उदगीरला राहत होता आणि आत्ता नागुबाईच्या समोर बसून कागद वाचत होता.

बहात्तरच्या दुष्काळात नळेगावकडच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं, तेव्हा गुरुपादप्पा तिथं मस्टर कारकून होते. हजेरीपटावर नाव चढलं तरच मजुरी आणि खायला वाटीभर सुकडी मिळायची. नागुबाईचा बाप तापानं आडवा झालेला, आई अंगावरच्या लेकरामुळं अडकलेली. राहिली नागू, तीही चौदा वर्षांची. अठराच्या आतलं नाव घ्यायचं नाही असा वरून हुकूम होता. म्हणून तिनं आईचं लुगडं नेसलं आणि ओळीत एका धोंड्यावर उभी राहिली. वरून लुगडं असं सोडलं की धोंडा दिसू नये. एवढी अक्कल लढवली आणि कारकुनानं “वय किती?” म्हटल्याबरोबर तिच्या तोंडून खरंच निघून गेलं.

“चौदा.”

मागच्या बायकांनी कपाळाला हात लावला. कारकुनानं तिच्याकडं पाहिलं, मग लुगड्याच्या काठाखालून डोकावणाऱ्या धोंड्याकडं पाहिलं.

“नीट सांग,” तो म्हणाला. “अठरा का एकोणीस?”

“अठरा.”

“उतर खाली. पडशील.”

त्या दिवसापासून घरात चूल पेटू लागली. परदेशी लाल मिलो ज्वारीची का होईना, भाकरी मिळू लागली. बाप जगला, अंगावरचं लेकरूही जगलं. नागुबाईनं ते आयुष्यभर मनात जपून ठेवलं होतं. त्याच्या शेजारी आणखी एक गोष्टही ठेवलेली होती, ती मात्र तिनं कुणाला सांगितली नव्हती. एकदा भर उन्हात कारकुनाला धाप लागलेली पाहून ती धावत लोटीभर पाणी घेऊन गेली होती. त्यांनी हात आखडून घेतला. रागानं नव्हे, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “असू दे. माझं हाय.” त्यांचा पितळी तांब्या बाजूला झाकून ठेवलेला असायचा. नागूच्या माणसांचा माठ दूर, बाभळीखाली. पोटाला दिलं ते खरं आणि पाणी घेतलं नाही तेही खरं. एकानं दुसरं पुसायचं कशाला, असं तिचं मत होतं.

पुढं दहा वर्षं ती रस्त्याच्याच कामावर राहिली. ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला खुर्च्या कमी आणि तहान फार. रस्त्यावरच्या साहेबानं चिठ्ठी दिली आणि नागुबाई कचेरीत पाणी भरायला लागली. जन्मतारखेचा पुरावा मागितला तेव्हा जुनं मस्टर निघालं आणि तेच वय सेवापुस्तकात जाऊन बसलं. पहिल्या उन्हाळ्यात एक हेडक्लार्क घरून पाण्याची बाटली आणायचे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी बारालाच बाटली संपली, तेव्हा ते गुपचूप रांजणाकडं आले आणि पुढं बाटली आणायचं विसरूनच गेले. गावात जिला विहिरीवर चढू देत नव्हते, तिच्या हातचं पाणी सबंध जिल्हा प्यायला. त्या नोकरीबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही, ती उगीच नव्हे.

गुरुपादप्पांचं वाचून झालं. “‘सदर नोंद मी जाणूनबुजून खोटी केली’,” त्यांनी शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं. “बरोबर लिवलंय. खोटीच केली. पेन दे गं.”

चहाचे कप घेऊन आलेल्या शांतम्मा दारातच थांबल्या. “आता खोटी? आन् चौकशी लागली तवा ‘खरी हाय, खरी हाय’ म्हून नरडं कामून फोडून राहिले होते? दोन इंक्रिमेंट गेले तेच्यापायी.”

“तू गप बस.”

“कामून गप बसू? तिला तरी कळू दे.”

नागुबाईला हे ठाऊकच नव्हतं. तिनं गुरुपादप्पांकडं पाहिलं. ते अवघडल्यासारखे हसले.

“काय न्हाई गं. तपासणीला साहेब आला. तुझ्यासारखी चौदा लेकरं होती मस्टरवर. म्हणला, ही नावं खोड, तुला काही करत न्हाई. मी म्हणलं, साहेब, सगळी अठराची हायत. उपाशी हायत म्हून बारकी दिसून राहिलीत.” त्यांनी चष्मा सारखा केला. “जाऊ दे. झालं ते झालं. कुठं करायची सही?”

नागुबाईनं हात पुढं केला आणि कागद त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतला.

“राहू द्या, आप्पा.”

“अगं, माझं काय जातंय आता? पेन्शन चालू हाय. कोन हात लावतंय?”

“तुमचं न्हाई जात. माझं जातंय. ती चार वर्षं मी तवाच उचललीत. घरात दाणा नव्हता तवा उचललीत. एकदा खाल्लेलं पुन्हा कोनत्या तोंडानं मागू?”

शांतम्मांनी कप तिच्या हातात दिला. तिनं चहा संपवला, कागदाची घडी करून पिशवीत टाकली आणि तीनची लातूर गाडी धरली.

घरी सुमेधनं कागद उलटसुलट करून पाहिला. सहीची जागा कोरी होती.

“आई, आठ-धा लाखाचा कागद तू चहा पिऊन वापस आणलास?”

“चहा चांगला होता.”

“मजाक नको करू. स्लॅब कशानं टाकायचा?”

“थोडी पेन्शन विकू. कचेरीत समदेच विकतेत. एकदम पैसे येतेत.”

“आन् महिन्याला कापून घेतेत, ते? पंधरा वर्षं! पंधरा वर्षांनी पुरी पेन्शन चालू होती. तवर...”

“तवर मरीन म्हणतोस?” नागुबाईला हसू आलं. “आरं, पंधरा वर्षांनी सरकार मला पंचाहत्तरची समजंल. मी असंन एकाहत्तरची, टणटणीत. कोन फसलं, सांग!”

सुमेधला रागावून राहायचं होतं, पण त्याची बायको आत खुदकन हसली आणि मग त्यालाही हसू फुटलं. कागद मात्र त्यानं लगेच फाडला नाही. चार दिवस खिशात बाळगला आणि मग एका सकाळी मुकाट्यानं चुलीत घातला. नागुबाईनं पाहिलं. तिला त्याचं फार कौतुक वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण ते पैसे त्याच्या लेकरांच्या डोक्यावरच्या छपराचे होते.

तीस जूनला कचेरीत निरोप समारंभ झाला. महिना सरला तरी आभाळ कोरडंच होतं. आवारात टँकर उभा होता. अलीकडं कचेरीत जारचं पाणी यायचं, पण व्हरांड्यातला रांजण नागुबाईनं हलू दिला नव्हता. साहेबांनी नारळ आणि साडी दिली. भाषणात म्हणाले, “नागुबाईंकडं बघून त्या साठीच्या वाटत नाहीत.” टाळ्या पडल्या. नागुबाईनं मान खाली घातली, आणि वर केली तेव्हा तिला शेवटच्या खुर्चीवर भस्माचे तीन पट्टे दिसले.

गुरुपादप्पा एकटेच उदगीरहून एसटीनं आले होते. धोतर घामानं पाठीला चिकटलेलं, मांडीवर पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी घरच्या पाण्याची बाटली.

सत्काराची साडी खुर्चीवर ठेवून नागुबाई उठली. लोक उन्हातून आलेत आणि आपण बसून राहायचं, हे तिला जमणारं नव्हतं. कुणी “आज तरी बसा, मावशी” म्हणेपर्यंत तिनं ट्रे भरला आणि ओळीनं ग्लास देत सुटली. शेवटच्या खुर्चीपाशी येताच मात्र तिचा हात थबकला. ती बाटली तिला दिसत होती.

गुरुपादप्पांनी वर पाहिलं. “नागुबाई, वय किती?”

ती गोंधळली. “छप्...”

“नीट सांग. साठ का एकसष्ट?”

“साठ,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हां.” त्यांनी हात पुढं केला. “आन, पाणी दे.”

भाषणं ऐकून झालेली माणसं आता चिवड्याच्या बश्यांकडं वळली होती. इकडं कुणाचं लक्ष नव्हतं. गुरुपादप्पांनी ग्लास तोंडाला लावून सबंध संपवला आणि हनुवटीवरून ओघळलेलं पाणी उपरण्यानं पुसलं. पिशवीतल्या बाटलीचं झाकण तसंच होतं.

“गार हाय,” ते म्हणाले आणि रिकामा ग्लास पुन्हा तिच्यापुढं धरला.

नागुबाई रांजणाकडं निघाली.