उद्घाटन होईपर्यंत

ज्ञानाला सीमा नसतात, असं वाचनालयाचे अध्यक्ष उकंडराव दारावर लाल फीत बांधता बांधता म्हणाले, आणि मग त्यांनी त्या दाराला बाहेरून कडी लावली.

"पाहुन्याईनं कापल्याबगर कोनी आत जायाचं नाही. हबीबभाई, तुम्ही बी नाही."

"मंग झाडू कोन मारीन, भाऊ?"

उकंडरावांनी विचार केला. "कडी काढून फितीखालून वाकून जा. पन मशीनले हात लावू नका."

हबीबभाई सोनाळ्याच्या या वाचनालयाचे ग्रंथपाल. शाळेतल्या पोरांनी आणि गावानं जग पाहावं म्हणून सरकारी निधीतून आत संगणक आणि वेगवान इंटरनेट आलं होतं. हबीबभाईंना एवढं मोठं जग नको होतं. मुलगी अलीजा लग्न होऊन कुवेतला गेलेली. तिथंच तिला आलिमा झाली. गावात मोबाइलवर आवाज यायचा, पण चित्र लावलं की नातीच्या चेहऱ्याचे चौकोन व्हायचे. एक गाल इकडे, एक डोळा तिकडे. एकदा ते एस.टी.नं शेगावला नेटकॅफेत गेले. तिथं वीज नव्हती.

"अब्बा, आलिमा खडी रहने लगी," अलीजा फोनवर म्हणाली. "कब देखोगे?"

"बस, फीत कटने दे, बेटा."

फीत न कापता काही वापरायची गावाची रीत नव्हती. नव्या हातपंपाचं उद्घाटन होईपर्यंत बायका त्याला वळसा घालून जुन्या विहिरीवर जात होत्या.

पाहुणे दिवाळीनंतर येणार होते. पण अळी लागत नाही म्हणून घेतलेल्या बीटी कपाशीवरच त्या साली गुलाबी बोंडअळी पडली. पाहुण्यांच्या माणसानं फोनवर विचारलं, "लोक सभेत बोंडं घेऊन येणार नाहीत ना?" उकंडराव नाही म्हणाले असते, पण त्यांच्याच खिशात तहसीलदाराला दाखवायची किडकी बोंडं होती. तारीख पुढे गेली. मग आचारसंहिता लागली. मग पाहुण्यांचा गुडघा.

"भाऊ, एकडाव पाहू द्या ना. पोरगी चालून राह्यली म्हन्ते."

"मले काऊन फसवता? बिघडलं तं कोनाचं नाव यील?"

"माहं," हबीबभाई म्हणाले.

उकंडरावांनी फितीची गाठ पुन्हा आवळली.

हबीबभाई रोज फितीखालून वाकून आत जात आणि प्लास्टिकनं झाकलेल्या संगणकाच्या पडद्यावरची धूळ पुसत. अलीजाचा फोन आला की झाडू भिंतीला टेकवून त्या काळ्या पडद्यासमोर खुर्चीत बसत. टोपी सरळ करत, आणि कानाला मोबाइल लावून पडद्याकडे बघत बोलत. मागून आलिमाच्या पावलांचा आवाज येई. धप, धप, मग रडणं.

पुढच्या हंगामात कपाशीच्या पऱ्हाटीला पात्या लागल्या तेव्हा पाहुणे आले. फीत कापली. टाळ्या झाल्या.

"हबीबभाई, पयले तुम्ही," उकंडरावांनी दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं. "पाहा तुमच्या नातीले. आमी बी पाह्यतो."

तिकडे अलीजा मुलीला नवा फ्रॉक घालून बसली होती. आलिमा आता पळायला लागली होती, म्हणून तिला धरून ठेवावं लागत होतं.

पडदा उजळला. जोडणी होईना. पाहुण्यांसोबत आलेल्या मेकॅनिकनं वायर हलवली, इंटरनेटची डबी बंद करून पुन्हा लावली, मग बाहेर जाऊन कुणाला तरी फोन केला.

निधी वर्षभराच्या जोडणीचा होता. वर्ष डबी बसवली त्या दिवसापासून धरलं होतं. ते मंगळवारी संपलं. उद्घाटन गुरुवारी होतं.