अकरा दाण्यांचं कुंपण

सिंधुताईच्या डबीत वालाचे अकराच दाणे उरले होते. भंडाऱ्याकडचे, माहेरचे, तांबूस अन् पांढऱ्या टिळ्याचे. आई गेली, घर विकलं, भावाने सगळीकडे धान लावलं. आता तो वाल जगला तर स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टर सहाच्या या क्वार्टरमागच्या अंगणातच जगायचा. दोनदा पेरला आणि दोन पानांवर येतो न येतो तोच दोन्ही वेळा शेजारच्या रीनाच्या सशांनी साफ केला. रीनाने पोरांसाठी जोडी आणली होती. जोडीचे चौदा झाले आणि मेले एका पिंजऱ्यात टिकतील तर शपथ.

शेवटी भैयालालने, तिच्या नवऱ्याने, मनावर घेतलं. पस्तीस वर्षं प्लांटमध्ये वेल्डर, रिटायर झाला तरी हात शिवशिवायचे. त्याने पाच फुटी कुंपण ठोकलं. लोखंडी अँगल, त्याला बारीक जाळी, वरून हिरवा रंग. क्वार्टरांची अख्खी लाइन बघायला आली. हत्ती अडला असता त्याला! सशांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. जाळीखालची माती उकरून आत शिरले आणि लाल भाजीचा वाफा फस्त केला.

सिंधुताईने नीट समजावलं, की ससा उकरून येतो, जाळी वीतभर जमिनीत जायला हवी आणि त्याखालची पट्टी बाहेरच्या बाजूला वळवून मातीखाली अंथरायला हवी. तिचे बाबा वांग्याच्या वाडीला असंच करायचे. भैयालाल हसला. कुंपण आणखी फूटभर वाढवतो म्हणाला, आणि वर पुटपुटला, की आता चुलीपुढची बाई वेल्डरला जाळी शिकवणार.

झालं, सिंधुताईचं डोकं सटकलं. जन्मभर याच्या शिफ्टच्या तालावर उठली-बसली, आणि मातीतलं तिला कळत नाही म्हणे! दुसऱ्या दिवशी तो जुनवानीला मित्राकडे गेला, तशी तिने त्याचीच पत्रा कापायची कात्री काढली आणि त्या लाडक्या कुंपणाची वरची दोन फूट जाळी चारी बाजूंनी कापून टाकली. सब्बलीने, म्हणजे पहारीने, कुंपणालगत नाली खणली, कापलेली पट्टी खालच्या जाळीला तारेने बांधली, वळवून पुरली, माती दाबली. हाताला फोड आले. मग तिने अकराच्या अकरा दाणे पेरले, एकही मागे ठेवला नाही.

भैयालाल परतला तर वर नुसते उघडे अँगल. कोणी कापलं म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं.

"म्या कापलं," ती शांतपणे म्हणाली. "ससा खालून येते, अन् तुमी आभाळाले जाळी लावून राहिले. हे दाणे गेले त माह्या मायचं काहीच नाही उरत. आता कुंपणाले हात लावून पायजा."

त्याने हात लावला नाही. आठवडाभर अंगणात पाऊलही टाकलं नाही. ससे रोज येत, उकरत, जाळीला नखं लागली की खट्टू होऊन बसत. भैयालाल खिडकीतून बघायचा. आठव्या दिवशी नऊ कोंब वर आले आणि दहाव्या दिवशीही तसेच उभे होते.

तेव्हा तो करवत घेऊन आला. उघडे अँगल वाईट दिसतात, कापून बरोबर करतो म्हणाला. किती ठेवू, हेही त्याने विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्याने तिला माप विचारलं.

"राहू द्या," सिंधुताई म्हणाली. "वाल चढन त्याच्यावर."