बांधावरची पाथरी

न्हावऱ्याच्या आमच्या मळ्यात, विहिरीच्या बांधावरची पाथरी मी तण समजून स्वतःच्या हातांनी मुळासकट उपटली आणि उकिरड्यावर टाकली. वर घाम पुसत स्वतःवर खूशही झाले. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलीलाही खुरपणी जमते, हे सासरी दाखवायची मला फार हौस होती.

माझ्या सासूबाई तानुबाई, मी त्यांना आत्या म्हणते, तेव्हा राहूला होत्या. माझी नणंद स्वप्नाली तिथं दिलेली. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. जाताना आत्यांनी कांद्याच्या रोपापासून म्हशीच्या पेंडीपर्यंत सगळं बजावलं, पाथरीचं मात्र एका शब्दानं बोलल्या नाहीत. मेंढरांमागं चालत मोठी झालेली बाई ती. पाथरी कुणाला दाखवावी लागते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

महिन्याभरानं गिरणीतल्या फोनवर त्यांचा निरोप आला म्हणून गेले.

"पाथरी कशी हाय गं? पयल्या खेपेला सपनीला दूधच उतरलं न्हाई. माळ सगळा कारखान्याखाली गेल्याला, पाथरी मिळंना. पोरगी बाटलीवर वाढवली. औंदा म्हून लावून ठिवलीया."

"छान आहे, आत्या," मी म्हणाले. फोन ठेवला आणि गिरणीवाल्या बन्सीभाऊंना विचारलं, "पाथरी म्हणजे काय हो?"

त्यांनी सांगितलं, बाळंतिणीला दूध उतरावं म्हणून देतात ती भुईलगत पसरणारी रानभाजी; म्हणजे मी तण म्हणून फेकलेलीच. उकिरड्यावर धावले, पण तिथं नुसता चोथा उरला होता.

आमच्या भावकीत मेंढरं राखणारे एकटे म्हस्कूआबा उरलेत. त्यांना शपथ घालून सगळं सांगितलं, तर ठसका लागेपर्यंत हसले. मग म्हणाले, "पानं भुईला चिकटून पसरत्यात. कडंला बारीक पांढरं दातं, पर टोचत न्हाईत. तोडलं की दूध येतं. पर दुधावर भुलू नगंस, दूध लई झाडांना येतं. पिवळं फूल सकाळी उमलतं, दुपारी मिटतं. तवा सकाळीच हुडक."

रोज सकाळी मी कालव्याच्या कडेनं, कारखान्याच्या कुंपणानं हिंडू लागले. लोकांना वाटलं, शंभूची बायको व्यायाम करते. फुलं सुकल्यावर येणारा कापूस लागलेलं बी पदरात बांधून आणलं आणि बांधालगत वाफा करून मातीत खोल दाबलं. सगळं कुजलं. दुसऱ्यांदा नुसतं वर भुरभुरलं, वरून चाळलेलं लेंडीखत घातलं, हातानं पाणी शिंपडलं. आठवड्यानं हिरवे ठिपके दिसले तेव्हा मी बांधावर बसून एकटीच हसले.

पण रोपं मोठी झाली तशी झोप उडाली. काहींच्या पानांना दाते होते, काहींची कड अगदी साधी. सगळ्यांतून दूध येत होतं. बाळंतिणीच्या ताटात भलतंच गेलं तर? आबा कळप घेऊन लांब गेलेले. गावातल्या कुणा बाईला विचारावं, तर बातमी पुढच्या एसटीनं राहूला पोहोचली असती.

आत्या स्वप्नालीला घेऊन यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी चुलीपाशी होते, तर बाहेर मेंढरांचा गलका. आबांचा कळप परतला होता आणि पाच-सहा मेंढ्या काटेरी कुंपण मोडून नेमक्या माझ्या वाफ्यात! मी लाटणं घेऊन धावले, तोवर वाफा सपाट झालेला. मला रडूच फुटलं.

म्हस्कूआबा धापा टाकत आले. वाफा निरखून म्हणाले, "आगं, रडतीस काय? शेजारचा हिरवागार मका सोडून हिकडं घुसल्यात. पाथरीच हाय ही! मुळं हायेत, आठ दिसांत डबल फुटंल. त्यो कोपरा मातर उपट, त्याला तोंड लावलं न्हाई त्यांनी."

कोपऱ्यात साध्या कडेची रोपं तशीच उभी होती. ती मी मुळासकट उपटली, आणि या वेळी खरंच डोक्यावरचं ओझं उतरल्यागत वाटलं.

दुसऱ्या दिवशी आत्या आल्या त्या थेट बांधावर गेल्या. मी सगळं सांगून टाकलं. शंभू हळूच म्हशीला पाणी पाजायला सटकला.

"इचारायचं न्हाई व्हय मला?" त्या कडाडल्या.

"तुम्ही सांगायचं नाही होय मला?" माझ्या तोंडून गेलंच.

आत्या खाली बसल्या. खुडलेल्या बुडख्यांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगाया पायजे हुतं. मला वाटायचं, ही समद्यांनाच ठावं असती."

पंधरा दिवसांनी स्वप्नालीला मुलगा झाला. फुटलेल्या कोवळ्या पाथरीची भाजी, भाकरी, वर लसणाची फोडणी, रोज मीच करून न्यायची. चौथ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. घाबरून गेले, तर तिची चोळी ओली झाली होती, पोरगं पिऊन पिऊन दमून झोपलं होतं आणि ती हसत रडत होती. मीही रडले.

तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुसऱ्या खेपेला बहुतेकींना दूध येतंच."

आत्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला म्हणाल्या, "जा, दुपारची खुडून आण."