पलीकडच्या काठावरची बाटी

आमच्या ह्यांना साधं पाणी उकळता येत नाही, असं बनारसचा सगळा रामघाट धरून चालला होता. मीही धरून चालले होते, आणि मी तर लग्नाची बायको!

हे म्हणजे दत्तात्रेय धर्माधिकारी, बँकेतून निवृत्त. चहा हवा असला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन खोकायचे. मी पूजेत असो, तापाने फणफणलेली असो, खोकला चुकायचा नाही. त्यामुळे मी कुठे जायचं नाव काढलं की घरात एकच प्रश्न: ह्यांच्या जेवणाचं काय? माझी बहीण कालिंदी ग्वाल्हेरला बोलावून बोलावून थकली. आई तिच्याकडे अंथरुणाला खिळली होती तेव्हासुद्धा मी आठवडाभर राहून परत आले, कारण इथे एक धडधाकट पुरुष म्हणे दोन्ही वेळा दहीपोहे खाऊन दिवस काढत होता. त्यानंतर महिन्याभरात आई गेली.

माघात जावई आले. उल्हासराव भीमतालला सरकारी नोकरीत आहेत. ते आणि आमची नीरजा तिथे तळ्याच्या काठी घर घेऊन राहतात.

"आई, या खेपेला तुम्हाला न्यायलाच आलोय," जावई म्हणाले. "आणि चार दिवसांसाठी नाही. वर्षभर राहायचं. आमचं तळं बाराही महिने बघितल्याशिवाय कळत नाही."

आणि मग सुरूच झाले. फाल्गुनात डोंगरावर बुरांसची लाल फुलं येतात, ती बघायला पहाटे चालत जायचं. उन्हाळ्यात दाराशी नाव, हवं तेव्हा तळ्यात. जंगलात काफळं पिकतात, झाडाखाली उभं राहून खायची. पावसात ढग घरात शिरतात. थंडीत वरच्या टेकडीवरून बर्फाची शिखरं दिसतात आणि अंगणातल्या उन्हात बसून संत्री सोलायची. शिवाय जावई रविवारी गळ टाकून मासे धरतात आणि परत पाण्यात सोडून देतात.

"मग धरता कशाला?" हे म्हणाले.

"मजा म्हणून, बाबा."

"माशाला विचारलंत?"

मी हसले खरी, पण माझं चित्त त्या तळ्याकडे लागलं होतं. मला जायचं होतं. भारी जायचं होतं! नातेवाइकांची लग्नं आणि आजारपणं सोडून उभ्या आयुष्यात मी नुसती मजा करायला कुठे गेले नव्हते. ह्यांनी माझा चेहरा बघितला असावा, कारण ते एकदम सरसावून बसले.

"भीमतालचं कौतुक आम्हाला नका सांगू, उल्हासराव. बनारसी माणूस बाराही महिने घराबाहेरच असतो. आमची बहरी अलंग माहीत आहे?"

जावई मूळचे पुण्याचे. त्यांना कुठलं माहीत असायला! बहरी अलंग म्हणजे गावाबाहेरची चैन. नावेतून गंगेच्या पलीकडच्या रेतीवर जायचं, तेल चोळून घ्यायचं, कपडे धुवायचे, डुंबायचं, ठंडाई घोटायची आणि गोवऱ्यांवर बाट्या भाजून खायच्या. थंडीत तिथे ऊन खात पतंग उडवतात, उन्हाळ्यात रेतीतली खरबुजं खातात. पावसात रेती पाण्याखाली जाते, तर मंडळी सारनाथकडच्या एखाद्या बागेत बिऱ्हाड हलवतात. ह्यांनी हे सगळं इतकं रंगवून सांगितलं की जावयांच्या हातातला चहा गार झाला.

"आपल्याला कसलं तळं नि कसलं काय!" ह्यांनी समारोप केला. "आपल्याला सगळं दारात आहे."

"आपल्याला?" मी म्हटलं. "मी कधी गेले हो तिकडे?"

तशी मी नावेत बसले नव्हते असं नाही. पण बहरी अलंग पुरुषांची. आमच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी ह्यांच्या केसांतल्या रेतीने भरलेली उशी झटकणं.

"मग चल ना रविवारी!" हे जोशात म्हणाले. "उल्हासराव, तुम्हीही चला. बघा आणि मग सांगा, हिला भीमतालची काय गरज आहे ते."

जोशात काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं असणार, कारण शनिवारी संध्याकाळपासून त्यांची चुळबुळ सुरू झाली. वारा फार आहे म्हणाले. तुझे गुडघे दुखतील म्हणाले. मी म्हटलं, गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघते. आणि नवी साडी नेसून सगळ्यांच्या आधी नावेत जाऊन बसले.

पलीकडे ह्यांची मित्रमंडळी आधीच पोचली होती. त्यांचे म्होरके विश्वेश्वरभाऊजी, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आवाज अजून वर्गातलाच. सतरंजी अंथरली. हे माझ्याजवळ पाय पसरून बसले आणि जावयांना घाट दाखवायला लागले. हा भोसल्यांचा, तो शिंद्यांचा. आजवर ह्यांनी घाटांची एवढी माहिती कुणाला दिली नसेल.

"अरे दत्तू!" विश्वेश्वरभाऊजी कडाडले. "पाहुण्यासारखा बसलायस काय? पिसान कोण मळणार? जिल्हाधिकारी?"

"आज तुम्हीच करा," हे पुटपुटले.

"आम्ही? वहिनी, ऐकलंत का? एरवी हा कुणाला परातीला हात लावू देत नाही! आम्ही नुसती वांगी आणायची आणि गोवऱ्या रचायच्या. आज तीस वर्षं ह्याच्याच हातची बाटी खातोय आम्ही. तुम्ही नशीबवान, तुम्हाला घरी रोज मिळत असेल."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे नदीकडे बघत होते. जावई लगबगीने बुटांची नाडी बांधायला लागले. ती सुटलेली नव्हती.

"उठा," मी म्हटलं. "मंडळी खोळंबलीत."

मग मी जे बघितलं ते काय सांगू! ह्यांनी बाह्या सरसावल्या. कणकेत ओवा चोळला, तुपाचं मोहन घातलं, पाण्याचा अंदाज असा घेतला की मला हेवा वाटावा. गोळ्यात अंगठ्याने खळगा करून सत्तू भरला, तोंड मिटलं, बाट्या निखाऱ्यात सोडल्या. वांग्याची जळती सालं नुसत्या बोटांनी ओढून काढली. घरी ह्याच बोटांना कपाचा चटका बसतो, मी बशीत ओतून देते! बाट्या भाजेपर्यंत धोतराला साबण लावून, आपटून, पिळून रेतीवर वाळत घातलं. चुण्या हाताने सारख्या केल्या. मला तर आधी हसूच फुटलं. पदर तोंडाला लावून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

बाटी फोडून तुपात बुडवून ह्यांनी पहिली मलाच दिली. खोटं कशाला बोलू, फार सुंदर झाली होती. माझ्या हातून तशी होत नाही.

दुसरी खाताना मात्र घास फिरायला लागला. मला आई आठवली. निघताना तिने माझं मनगट धरलं होतं, आणि मी ते सोडवून घेतलं होतं. ह्यांच्या दहीपोह्यांसाठी!

"तुम्हाला सगळं येत होतं," मी म्हटलं.

"अगं, ही बाटी म्हणजे काही रोजचा स्वयंपाक नव्हे—"

"आईच्या वेळेला मी परत आले. आठवतंय? तेव्हाही येत होतं."

माझा आवाज चढला असावा. विश्वेश्वरभाऊजींनी घास हातातच धरला. सगळी मंडळी कान टवकारून वांग्याकडे बघायला लागली. संताप आला होता मला, रडूही येत होतं, आणि इतक्या पुरुषांसमोर रडायचं नाही म्हणून आणखी संताप येत होता.

ह्यांनी राखेत काडी फिरवली. मग म्हणाले, "तू गेलीस की घर खायला उठतं. जेवण काय, कुठेही मिळतं. पण राहू नको तिकडे, माझ्यासाठी ये, असं कसं म्हणायचं? तुझी आई आजारी. तोंड नाही झालं माझं. म्हणून जेवणाचं पुढे केलं. मग तेच जमत गेलं."

"आणि चहासाठी खोकायचात ते?"

"तू बाहेर येऊन दोन शब्द बोलायचीस. रागावून का होईना."

चांगलं भांडायला मिळालं असतं, तर ह्या माणसाने तेही मिळू दिलं नाही. तरी मी पटकन विरघळले नाही. आईचं मनगट अजून माझ्या हाताला जाणवत होतं.

"उल्हासराव," मी म्हटलं, "भीमतालला जायला काठगोदामच्या गाडीचं तिकीट काढा. माझं एकटीचं. वर्षभराचं सामान घेते."

जावयांनी सासऱ्यांकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली.

"आणि तुम्ही," मी ह्यांना म्हटलं, "जेवणाचं निमित्त आता संपलं. काही म्हणायचं असेल तर नीट म्हणा."

हे मित्रांकडे बघायला लागले. चार म्हातारे, एकही दुसरीकडे तोंड फिरवायला तयार नाही. ह्यांचे कान लाल झाले. मग घसा खाकरला, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "अंबिका, जाऊ नकोस. तुझ्यावाचून मला करमत नाही."

लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांनी चारचौघांत माझं नाव घेतलं.

"मी जाणार," मी म्हटलं. "पण आता परत यावंसं तरी वाटेल."