मे महिन्यातली रजा

प्रभावतीला पफिन बघायचा होता. चारुदत्तला वाटायचं, लोकांच्या बायका सोनं मागतात, पैठणी मागतात; आपल्याच वाट्याला ही पाखरंवेडी आली! दुबईशेजारच्या अजमानच्या एका शाळेत ती ग्रंथालय सांभाळायची. तिथल्या एका स्कॉटिश बाईंनी तिला शेटलंड बेटांचे फोटो दाखवले होते. कड्यावरच्या गवतात उभा असलेला, करवलीनं ओठ रंगवावेत तशी चोच रंगवलेला पक्षी. एरवी भर समुद्रात राहणारा, अंडी घालायला वसंतात तेवढा बेटावर येणारा. म्हणजे जायचं तर मे महिन्यात. चारुदत्त दरवर्षी म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की."

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात डॉक्टरांनी सांगितलं, प्रभावतीच्या डोळ्यांचा पडदा झिजतोय, वर्षभरात मधली नजर जाईल. दुसऱ्याच दिवशी चारुदत्तनं ऑफिसात मेमधली रजा मागितली, आणि मिळालीसुद्धा.

पण माणसाची जीभ! शुक्रवारी साताऱ्याला फोन केला तेव्हा तो थोरल्या भावाला म्हणाला, "दादा, मे महिन्यात लीव्ह सँक्शन झालीय, पूर्ण." कशासाठी ते मात्र बोलला नाही. पाखरं बघायला बायकोला घेऊन विलायतेला निघालोय म्हटलं, तर सगळं घर हसेल, याची त्याला लाज वाटली.

पुढच्या शुक्रवारी दादाचाच फोन आला. "चारू, आपल्या शुभ्राचं लग्न ठरलं! मुहूर्त तुझ्या रजेतलाच धरलाय. पुतणीच्या मांडवात काका नको का?"

तेव्हाही सांगता आलं असतं. बारा वर्षांची आभा वैतागून म्हणालीसुद्धा, "डॅडी, जस्ट टेल देम नो!" पण दुबईवाल्या काकानं नाही म्हटलं की पैशाचा माज चढला, असंच गावात बोलतात. तो म्हणाला, "येतो दादा." मग प्रभावतीकडे न बघता म्हणाला, "डॉक्टर लोक वाढवून सांगतात गं. पुढच्या वर्षी नक्की."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं बॅगा भरल्या. वजनकाट्यावर मोठी बॅग जास्त भरली, तेव्हा दूध पावडरचे डबे तसेच ठेवून तिनं आपली दुर्बीण बाहेर काढली. "मांडवात हिचं काय काम?" एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी काही वाढवून सांगितलं नव्हतं. दिवाळीला तिला पेपर वाचता येईना, संक्रांतीला आभाचं तोंड दिसेना. चारुदत्तला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

मार्चमध्ये तो तिला ममझरच्या बागेत घेऊन गेला. दुर्बीण जन्मात पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या गळ्यात घातली होती.

"प्रभा, हिरवळीवर एक आहे बघ... म्हणजे, आहे एक. तपकिरी, डोक्यावर तुरा."

"हुदहुद्या. चोच मातीत खुपसतोय का?"

"हो, हो!" तो हरखला. मग त्यानं पोटातली बातमी सांगितली. "मेमधली लीव्ह घेतलीय. या वेळी साताऱ्याला कळवलंच नाही. शेटलंडला जाऊ. मी बघेन नि तुला सगळं सांगेन, अगदी चोचीचा रंगसुद्धा."

प्रभावतीनं तोंड त्याच्याकडे वळवलं. आपले कान तेवढे तिला दिसत असतील, चेहरा नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"अहो, मला तो ऐकायचा नव्हता," ती म्हणाली. "बघायचा होता."

तिनं हात पुढे केला. त्यानं दुर्बीण काढून तिच्या हातात दिली. तिनं ती सवयीनं डोळ्यांना लावली आणि हिरवळीच्या दिशेनं बराच वेळ धरून ठेवली. पक्षी केव्हाच उडून गेला होता. ते तरी तिला कसं सांगावं, चारुदत्तला कळेना.