नायगार्ड आजोबांच्या मनगटावरची पट्टी

नर्सिंगच्या पोरांना पुस्तकातून नाही, खेळातून शिकवलं पाहिजे, हे मार्लिस टॉलेफसनला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी उमगलं आणि तेव्हापासून तिने कॉलेजात कुणाला सुखाने जेवू दिलं नाही.

नाताळच्या सुट्टीभर खपून तिने खेळ रचला. पलंगावर प्लास्टिकचे नायगार्ड आजोबा, साखर भलतीच वाढलेली. खोलीत दडवलेल्या चिठ्ठ्या शोधायच्या, त्यांतल्या आकड्यांनी औषधाच्या पेटीचं कुलूप उघडायचं आणि बारा मिनिटांत इन्सुलिन टोचून घंटा वाजवायची. घंटा तिने घरच्या दाराची काढून आणली होती. येणारेजाणारे आता दार बडवत. या खेळाचे गुण परीक्षेत धरायचे, हा हट्टही तिचाच. डीन लिंडग्रेन नको नको म्हणत होते.

आज ते काचेमागे तिच्या शेजारी बसले होते. आजोबांचा आवाज मार्लिस माइकवरून काढायची, आणि आपण तो फार छान काढतो अशी तिची समजूत होती.

अकरा जणांनी धडाधड घंटा वाजवली. प्रत्येक वेळी मार्लिसने टाळ्या वाजवल्या. शेवटी आली डार्लीन सूसेक. पंचेचाळिशीची, सोळा वर्षं शाळेची बस चालवलेली. औषधं देण्याच्या परीक्षेत दोनदा नापास. आज घंटा वाजली नाही तर कॉलेज सुटलं.

डार्लीनने आधी पलंगाभोवती फेरी मारली, बस सुरू करण्याआधी मारतात तशी. मार्लिसने कपाळाला हात लावला. कुलूप उघडेपर्यंत नऊ मिनिटं गेली. सिरिंज भरून डार्लीनने नाव-जन्मतारखेची पट्टी बांधलेलं आजोबांचं मनगट उचललं.

"आजोबा, नाव आणि जन्मतारीख सांगता?"

मार्लिसने फाइलमध्ये बघून घोगरा आवाज काढला, "वॉल्टर नायगार्ड. तीन मार्च एकोणीसशे एकेचाळीस."

"पट्टीवर दुसरीच तारीख आहे."

चष्मा लावला नसेल बाईने, मार्लिसला वाटलं. "अगं पोरी, टोच की! गरगरतंय मला!"

"गरगरू दे. राग मानू नका, पण पट्टीवरचा माणूस तुम्ही नाही. मोठ्या सिस्टरना बोलवा कुणीतरी."

"जीव चाललाय माझा!" मार्लिसने सगळी कला ओतली. डीन दचकले.

"तो जाऊ नये म्हणूनच थांबलेय ना!" डार्लीनने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. तिचे डोळे भरले होते. बारा मिनिटं संपली. तिने मनगट सोडलं नाही.

मार्लिस पाय आपटत आत गेली. "अगं डार्लीन, वाचता येतं ना तुला?"

"तुम्हीच वाचा, मॅडम."

मार्लिसने वाचलं. नाव बरोबर होतं. तारीख होती एकोणीस ऑगस्ट एकोणीसशे अडुसष्ट. ती तिची स्वतःची. गुडघ्याच्या डॉक्टरचा फॉर्म भरून उठल्या-उठल्या, त्याच पेनने, तिने ही पट्टी लिहिली होती. पट्टी वाचल्याशिवाय सुई उचलायची नाही, असं एकतीस वर्षं पोरांच्या डोक्यात भरवणाऱ्या बाईने.

डीन दारात आले. "मग निकाल काय धरायचा?"

तारीख मुद्दामच चुकवली होती म्हणून सांगावं, असं मार्लिसच्या मनात आलं. किती हुशार दिसली असती! तिने तोंडही उघडलं. पण डार्लीन तिच्याकडे बघत होती, मनगट अजून हातात धरून.

"चूक माझी," मार्लिस म्हणाली. "डार्लीन पास. बाकीचे अकरा उद्या पुन्हा."

"आणि घंटा?"

"दाराला लावते परत. घाई करायला तिनेच शिकवलं सगळ्यांना. तिने म्हणजे मी."

मग तिने कपाटातून चुका नोंदवायचा फॉर्म काढला. वॉर्डात चूक झाली की भरतात तो. चूक कोणाची: मार्लिस टॉलेफसन. कोणाच्या लक्षात आली: डार्लीन सूसेक. पुढच्या रकान्यापाशी पेन अडलं. रुग्णाची सध्याची अवस्था.

डार्लीनने नाक पुसलं आणि वाकून बघितलं.

"लिहा की मॅडम, अजून गरगरतंय म्हणून."